रंगमंचावरील वस्तू आणि दालनातील वस्तू : तादेउश कांतोर यांच्या दृश्यकलेचा व नाट्यकर्माचा अन्योन्यसंबंध

प्रस्तावना

नाट्यदिग्दर्शकाने चित्रे काढली असतील, शिल्पे किंवा मांडणशिल्पे रचली असतील, तर त्याच्या चरित्रात त्या कामाची नोंद बहुधा शेवटच्या प्रकरणात होते. 'बहुमुखी प्रतिभा' असा गौरवपर शब्द वापरून ते काम मुख्य कार्याला जोडले जाते आणि तेथेच विषय संपतो. या मांडणीत एक गृहीतक दडलेले असते. नाटक हे खरे कार्य आणि दृश्यकला हा त्याला समांतर वाहणारा, पण त्याला न मिळणारा प्रवाह, असे ते गृहीतक होय.

पोलंडचे दिग्दर्शक तादेउश कांतोर (१९१५–१९९०) यांच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. त्यांनी सहा दशके चित्रे काढली, प्रदर्शने भरविली, हॅपनिंग घडविली, वस्तूंच्या मांडण्या केल्या आणि त्याच काळात 'क्रिको २' या नाट्यसंस्थेद्वारे विसाव्या शतकातील काही अत्यंत प्रभावी नाट्यप्रयोग उभे केले. या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. उपयोग संपलेल्या, टाकून दिलेल्या वस्तूला कलेत कोणते स्थान असू शकते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने कांतोर यांच्या कार्याचे टप्पे तपासले आहेत. नाट्यप्रयोग संपल्यानंतर आणि दिग्दर्शकाच्या मृत्यूनंतर मागे उरलेल्या वस्तूंचे काय होते, हाही या लेखाचा महत्त्वाचा मुद्दा आहे. नाट्यशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येकासमोर तो येतो, कारण शिकविण्याच्या वेळी प्रयोग हाताशी नसतो. त्याचे अवशेषच हाताशी असतात.

चित्रकाराची जडणघडण

कांतोर यांचा जन्म ६ एप्रिल १९१५ रोजी व्येलोपोले स्क्षिन्स्के या लहानशा गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते. कॅथलिक आणि ज्यू अशा दोन्ही समाजांची वस्ती त्या गावात होती. पहिल्या महायुद्धावर गेलेले वडील पुन्हा कुटुंबात परतले नाहीत. आई आणि मुले एका धर्मगुरू नातेवाइकाच्या घरी राहिली. पुढे १९४२ साली वडिलांचा आउश्वित्झ येथे अंत झाला. अनुपस्थित पिता, गणवेशातील सैनिक, गावातील चर्च आणि घरातील एक खोली या प्रतिमा कांतोर यांच्या उत्तरायुष्यातील नाटकांत वारंवार दिसतात. त्यांचे मूळ या बालपणात आहे.

१९३४ ते १९३९ या काळात त्यांनी क्राकोव येथील ललित कला अकादमीत शिक्षण घेतले. तेथे कारोल फ्रिच यांच्याकडे त्यांनी नेपथ्यकलेचा अभ्यास केला. विद्यार्थिदशेतच त्यांनी मेटरलिंक यांचे एक नाटक कळसूत्री बाहुल्यांच्या साहाय्याने सादर केले. म्हणजेच त्यांचा रंगभूमीवरील प्रवेश नट म्हणून किंवा नाटककार म्हणून झाला नाही. तो चित्रकार म्हणून झाला. या घटनेचा परिणाम दूरगामी ठरला. नटाच्या अंगाने नाटकाकडे येणारा दिग्दर्शक प्रथम संहिता आणि संवाद पाहतो. चित्रकाराच्या अंगाने येणाऱ्याला प्रथम जागा दिसते, पृष्ठभाग दिसतो आणि त्या जागेत ठेवलेली वस्तू दिसते.

१९४४ : एका खोलीतील नाटक

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेखालील क्राकोवमध्ये पोलिश नाट्यप्रयोगांना बंदी होती. पकडले गेल्यास छळछावणी किंवा मृत्यू अटळ होता. अशा परिस्थितीत कांतोर आणि त्यांच्या तरुण चित्रकार मित्रांनी भूमिगत 'स्वतंत्र रंगभूमी' चालविली. तिचे प्रयोग खासगी घरांमध्ये, मोजक्या प्रेक्षकांसमोर होत. १९४३ साली स्लोवात्स्की यांचे 'बालादिना' आणि १९४४ साली विस्पियान्स्की यांचे 'ओडिसिअसचे पुनरागमन' अशी दोन नाटके त्यांनी सादर केली.

या दोन प्रयोगांमधील अंतर एका वर्षाचे असले तरी त्यांतील दृष्टिकोनाचे अंतर फार मोठे आहे. पहिल्या प्रयोगात आधुनिक, भौमितिक आकारांचे नेपथ्य होते. दुसऱ्या प्रयोगात कांतोर यांनी घडविलेले आकार बाजूला ठेवले आणि युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या वास्तवातील वस्तूच खोलीत आणल्या. चिखलाने माखलेले चाक, कुजलेली फळी, मोडकी खुर्ची, तोफेची नळी या त्या वस्तू होत. ट्रॉयच्या युद्धावरून परतणारा ओडिसिअस जर्मन सैनिकाच्या जुनाट ओव्हरकोटात आणि शिरस्त्राणात प्रेक्षकांसमोर बसला. प्रेक्षक ज्या खोलीत होते तीच खोली नाटकाची जागा होती. बाहेरच्या रस्त्यावर जो गणवेश दिसत होता, तोच गणवेश आत होता.

येथे भारतीय नाट्यविचारातील एका संज्ञेची आठवण उपयुक्त ठरते. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'पुस्त' म्हणजे पर्वत, वाहन, विमान इत्यादींच्या घडविलेल्या प्रतिकृती. पुस्ताचे अस्तित्व अनुकरणावर अवलंबून असते. बांबू आणि कापडाचा पर्वत खऱ्या पर्वताच्या वतीने उभा राहतो. कांतोर यांच्या खोलीतील चाक कोणाच्याही वतीने उभे नव्हते. ते चाकच होते, त्यावरील चिखल खरा होता. वस्तूने काही 'दाखविण्याचे' सोडून केवळ 'असणे' स्वीकारले, हा या प्रयोगातील निर्णायक बदल होय. पुढील काळात मांडणशिल्प या कलाप्रकाराने जे तत्त्व स्वीकारले, त्याचे बीज येथे एका नाट्यप्रयोगात आढळते.

नेपथ्यकाराची नोकरी आणि चित्रकाराची रंगभूमी

युद्धानंतर कांतोर यांनी क्राकोव आणि इतर ठिकाणच्या व्यावसायिक नाट्यगृहांसाठी अनेक वर्षे नेपथ्यरचना केली. १९४७ साली त्यांना पॅरिसला जाण्याची संधी मिळाली आणि तेथील आधुनिक चित्रकलेचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९४८ च्या डिसेंबरमध्ये क्राकोव येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक कला प्रदर्शनाच्या आयोजनात त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर लगेचच पोलंडमध्ये समाजवादी वास्तववाद हे अधिकृत कलाधोरण झाले. कांतोर यांना अकादमीतील अध्यापनाचे पद गमवावे लागले आणि काही वर्षे त्यांनी सार्वजनिक प्रदर्शनांत भाग घेतला नाही. या काळात उपजीविकेचे साधन नेपथ्यरचना हेच होते. चित्रे मात्र घरी, प्रदर्शनाच्या आशेविना तयार होत होती.

दुसऱ्याच्या नाटकासाठी नेपथ्य करणे आणि स्वतःच्या दृष्टीतून नाटक घडविणे यांतील भेद कांतोर यांना या वर्षांत प्रकर्षाने जाणवला असावा. १९५५ साली चित्रकार मारिया यारेमा यांच्यासह त्यांनी 'क्रिको २' ची स्थापना केली. क्राकोवमधील चित्रकारांनी १९३० च्या दशकात चालविलेल्या 'क्रिको' या रंगभूमीचे नाव त्यांनी पुढे चालविले. हे नाव 'ही सर्कस आहे' या अर्थाच्या पोलिश शब्दांची अक्षरे उलट्या क्रमाने वाचून तयार झाले आहे. संस्थेत व्यावसायिक नटांबरोबर चित्रकार, कवी आणि हौशी कलावंत होते. स्तानिस्लाव इग्नात्सी वित्कीएविच या नाटककाराच्या संहिता त्यांनी वारंवार निवडल्या. वित्कीएविच हे स्वतःही चित्रकार होते, ही बाब येथे लक्षणीय ठरते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कांतोर यांची चित्रकला अनाकार अमूर्ततेकडे वळली. रंग ओतणे, ओघळू देणे, पृष्ठभागावर त्याचा थर साचू देणे ही तिची रीत होती. आकारावर चित्रकाराचे नियंत्रण न राहता पदार्थाच्या स्वभावाला वाव मिळावा, अशी त्यामागील भूमिका होती. हीच भूमिका १९६१ साली वित्कीएविच यांच्या 'लहानशा वाड्यात' या नाटकाच्या प्रयोगात दिसते. या प्रयोगात नट एका अरुंद कपाटात कपड्यांमध्ये कोंबले गेले होते. कपड्यांपासून माणूस वेगळा ओळखू येऊ नये, संवादही त्या गर्दीत चेंगरून यावेत, अशी योजना होती. चित्रफलकावर रंगद्रव्याचे जे झाले होते, तेच येथे नटाच्या देहाचे आणि आवाजाचे झाले. चित्रकलेतील एक शोध रंगभूमीवर असा उतरला.

आवेष्टन, प्रतिप्रदर्शन आणि हॅपनिंग

१९६० च्या दशकात कांतोर यांच्या दृश्यकलेने चित्रफलकाची चौकट ओलांडली. या दशकातील त्यांची मध्यवर्ती संकल्पना 'एम्बालाज' ही आहे. या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ वेष्टन किंवा बांधणी असा होतो. पिशव्या, पाकिटे, गाठोडी, छत्र्या, मळकट कापड या वस्तू त्यांनी चित्रफलकावर चिकटविल्या किंवा स्वतंत्रपणे मांडल्या. वेष्टनाचा स्वभाव दुहेरी असतो. आतील वस्तू पोहोचेपर्यंत ते तिचे रक्षण करते, तिचे गूढ राखते. वस्तू बाहेर निघाली की ते कचऱ्यात जाते. कचरा आणि चिरंतन मूल्य यांच्या सीमेवर उभी असलेली ही वस्तू कांतोर यांना महत्त्वाची वाटली. वास्तवाच्या सर्वांत खालच्या पायरीवरील अशा वस्तूला त्यांनी 'अकिंचन वस्तू' या अर्थाची संज्ञा वापरली.

१९६३ साली क्राकोवच्या क्षिश्तोफोरी दालनात त्यांनी एक प्रदर्शन भरविले. ते पुढे 'प्रतिप्रदर्शन' म्हणून ओळखले गेले. पूर्ण झालेली चित्रे भिंतीवर टांगण्याऐवजी त्यांनी रेखाटने, पत्रे, वह्यांची पाने, वर्तमानपत्रे, तिकिटे, पत्ते, जुन्या नाटकांतील वस्तू अशा ९३७ बाबी दालनभर मांडल्या. त्यांपैकी अनेक दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा अडकविल्या होत्या. प्रेक्षकाला त्या पसाऱ्यातून वाट काढावी लागे. कलाकृतीसमोर उभे राहण्याऐवजी तिच्या आत शिरण्याचा हा अनुभव होता. पोलंडमधील मांडणशिल्पाच्या इतिहासात या प्रदर्शनाला आरंभबिंदूचे स्थान दिले जाते.

त्याच वर्षी, त्याच क्षिश्तोफोरीच्या तळघरात 'वेडा आणि नन' या नाटकाचा प्रयोग झाला. रंगमंचाचा बहुतेक भाग घडीच्या खुर्च्यांच्या एका ढिगाने व्यापला होता. हा ढीग यांत्रिकपणे हलत असे, त्याचा खडखडाट संवादांवर मात करीत असे आणि नटांना उभे राहण्यापुरतीही जागा उरत नसे. प्रदर्शनात कागदांच्या पसाऱ्याने प्रेक्षकाला वेढले, तर नाटकात खुर्च्यांच्या ढिगाने नटाला बाजूला सारले. दोन्हीमागील प्रयोगशील विचार एकच होता.

१९६५ मध्ये वॉर्सा येथे कांतोर यांनी पोलंडमधील पहिले हॅपनिंग सादर केले. १९६७ च्या जानेवारीत 'पत्र' हे हॅपनिंग झाले. सुमारे चौदा मीटर लांबीचे एक अवाढव्य पत्र गणवेशातील पोस्टमननी टपाल कार्यालयातून वॉर्साच्या रस्त्यांवरून फोक्साल दालनापर्यंत वाहून नेले. दालनात पत्राची प्रतीक्षा करणाऱ्या लोकांनी शेवटी ते फाडून टाकले. पत्र पोहोचले, परंतु त्यातील मजकूर कोणालाही कळला नाही. वेष्टनाच्या प्रवासालाच घटनेचे रूप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर, ओसिएकी येथील कलाशिबिराच्या निमित्ताने, 'विहंगम समुद्र-हॅपनिंग' झाले. त्यात चित्रकार एदुआर्द क्रासिन्स्की हे पाण्यातील एका मंचावर उभे राहून, प्रेक्षकांकडे पाठ करून, वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे लाटांचे संचालन करीत होते. जेरिको यांच्या 'मेदूसाचा तराफा' या प्रसिद्ध चित्राची जिवंत पुनर्रचनाही तेथे वाळूवर झाली. १९६७ हे वर्ष कांतोर यांच्या चित्रकलेच्या आंतरराष्ट्रीय मान्यतेचेही होते; साओ पावलो द्वैवार्षिकीत त्यांना पुरस्कार मिळाला.

१९७० साली व्रोत्सवाफ येथील परिसंवादासाठी त्यांनी शहराच्या रस्त्यावर उभारावयाच्या एका प्रचंड काँक्रीटच्या खुर्चीचा आराखडा मांडला. अशा प्रकल्पांना ते 'अशक्य वास्तू' मानत. खुर्ची ही घरातील सर्वांत सामान्य वस्तू. राजाच्या किंवा सेनापतीच्या पुतळ्याची जागा तिने घ्यावी, हा विचार 'अकिंचन वस्तू'च्या तत्त्वाचा सार्वजनिक विस्तार होता. ही खुर्ची व्रोत्सवाफमध्ये प्रत्यक्ष उभी राहिली ती त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ साली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कांतोर यांचे समकालीन येझी ग्रोतोव्स्की यांच्या 'पुअर थिएटर' या संकल्पनेशी आपल्याकडील अभ्यासक चांगले परिचित आहेत. दोघेही पोलिश आणि दोघांच्याही परिभाषेत 'दारिद्र्य' हा शब्द असल्याने त्यांची गल्लत होते. ग्रोतोव्स्की यांचे दारिद्र्य वर्जनाचे आहे : नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा हे सारे काढून टाकल्यावर नटाचा देह उरतो आणि तोच रंगभूमीचे सार ठरतो. कांतोर यांनी वस्तू काढून टाकल्या नाहीत. उलट त्यांची रंगभूमी वस्तूंनी गच्च भरलेली आहे. त्यांचे दारिद्र्य त्या वस्तूंच्या अंगी आहे. एकाने रंगमंच रिकामा केला, दुसऱ्याने तो भंगाराने भरला.

'मृत वर्ग'

१५ नोव्हेंबर १९७५ रोजी क्षिश्तोफोरीच्या तळघरात 'मृत वर्ग' या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. वित्कीएविच, ब्रूनो शुल्ट्स आणि विटोल्ड गोम्ब्रोविच यांच्या लेखनातील धागे त्यात होते, परंतु कोणत्याही एका संहितेचे हे सादरीकरण नव्हते. काही ओळी जुनाट लाकडी बाकांच्या. काळ्या, अंत्ययात्रेला शोभतील अशा पोशाखातील वृद्ध माणसे त्या बाकांवर येऊन बसतात. त्यांच्या पाठीवर, कमरेवर, हातांत शाळकरी मुलांचे पुतळे आहेत. ही मुले म्हणजे त्यांचेच बालपण. ते मेलेले आहे आणि त्याचे ओझे टाकता येत नाही. पाळण्याच्या जागी शवपेटीसारखी एक यांत्रिक पेटी आहे आणि तीत बाळाऐवजी दोन लाकडी चेंडू खडखडत राहतात. स्वतः कांतोर प्रयोगभर रंगमंचावर उपस्थित असत. ते कोणतीही भूमिका करीत नसत. हाताच्या खुणेने लय वाढवीत, कमी करीत, एखाद्याला थांबवीत.

चित्रकार आपल्या चित्रासमोर उभा राहून दोन पावले मागे सरकतो, पुन्हा जवळ जाऊन एखादी रेषा दुरुस्त करतो. कांतोर यांची रंगमंचावरील उपस्थिती त्या जातीची होती. त्यांच्या दृष्टीने प्रयोग हे पूर्ण होऊन प्रेक्षकांच्या स्वाधीन केलेले काम नव्हते. प्रत्येक रात्री ते त्यांच्यासमोर पुन्हा घडत होते.

या नाटकाबरोबर त्यांनी 'मृत्यूची रंगभूमी' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. गॉर्डन क्रेग यांनी नटाच्या जागी बाहुल्याची कल्पना मांडली होती. कांतोर यांनी क्रेग यांची दखल घेतली, परंतु पुतळा जिवंत नटाची जागा घेऊ शकेल हे मत त्यांनी स्वीकारले नाही. पुतळा हा नटासाठी आदर्श आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुतळ्यात माणसाचे सारे बाह्य लक्षण असते आणि जीव नसतो. त्यामुळे तो पाहणाऱ्याला मृत्यूची जाणीव देतो. जिवंत नटाने रंगमंचावर हीच परकेपणाची जाणीव निर्माण करावी, अशी त्यांची अपेक्षा होती. १९७६ साली आंद्झेई वायदा यांनी या नाटकावर चित्रपट केला आणि त्याच वर्षी एडिंबरो महोत्सवातील प्रयोगांनी त्याला युरोपभर कीर्ती मिळवून दिली.

एक आक्षेप आणि त्याचा विचार

वस्तूला नटाच्या बरोबरीचे स्थान देणाऱ्या या रंगभूमीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. वस्तूला वर आणता आणता माणसाला खाली आणले जात नाही काय? नट कपाटात कोंबले जातात, खुर्च्यांच्या ढिगाने ढकलले जातात, पुतळ्यांच्या पंक्तीत बसविले जातात. विसाव्या शतकात माणसांना वस्तू मानण्याचे जे भीषण प्रयोग झाले, त्यांच्या छायेतच कांतोर यांचे तारुण्य गेले. अशा कलावंताने माणूस आणि वस्तू यांच्यातील सीमारेषा पुसावी, हे विसंगत वाटू शकते.

या आक्षेपाचे उत्तर १९८० साली फ्लॉरेन्स येथे प्रथम सादर झालेल्या 'व्येलोपोले, व्येलोपोले' या नाटकात शोधता येते. आघाडीवर निघालेल्या नवसैनिकांचे सामूहिक छायाचित्र काढण्याचा प्रसंग त्यात आहे. छायाचित्र काढणारा कॅमेराच मशीनगनमध्ये रूपांतरित होतो. स्मरण टिकविण्याचे यंत्र आणि मारण्याचे यंत्र एकच आहे, असे ही एक वस्तू सांगते. येथे वस्तू निरागस नाही आणि माणसाला वस्तू करण्याच्या क्रियेचे समर्थनही नाही. ती क्रिया कशी घडते, हे उघड करून दाखविले आहे. छायाचित्रात गोठलेला सैनिक आणि रणभूमीवर पडलेला सैनिक यांच्यातील अंतर प्रेक्षकाला आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होताना दिसते. मोडक्या वस्तूला दिलेली प्रतिष्ठा आणि वस्तूप्रमाणे टाकून दिलेल्या माणसाविषयीची करुणा या कांतोर यांच्या कलेत परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. ज्याचा उपयोग संपला आहे, त्याचेही मूल्य संपलेले नाही, हे विधान चाकाला जितके लागू पडते तितकेच युद्धावरून न परतलेल्या पित्यालाही.

तथापि आक्षेपाचा एक अंश शिल्लक राहतो, हे मान्य करावे लागेल. ज्या रंगभूमीचा एकमेव कर्ता रंगमंचावर उभा राहून प्रत्येक हालचालीचे नियमन करतो, तीत नटाच्या स्वतंत्र सर्जनाला किती वाव उरतो, हा प्रश्न चित्रकाराच्या दृष्टिकोनातूनच निर्माण झालेला आहे. चित्रातील रंग चित्रकाराला प्रत्युत्तर करीत नाही. नट करू शकतो.

प्रयोगानंतर उरणारी वस्तू

१९८० सालीच क्राकोव येथे 'क्रिकोतेका' या केंद्राची स्थापना झाली. 'क्रिको २' चे जिवंत दप्तर असावे, तेथे नाटकांतील वस्तू, रेखाटने, टिपणे आणि ध्वनिचित्रमुद्रणे एकत्र राहावीत, अशी कांतोर यांची इच्छा होती. या काळात त्यांनी जुन्या प्रयोगांतील नष्ट झालेल्या काही वस्तू पुन्हा घडवून घेतल्या. १९४३ च्या 'बालादिना'मधील आकृती अशाच रीतीने पुन्हा अस्तित्वात आल्या. या वस्तूंना ते जुन्या नाटकांचे स्मृतिचिन्ह मानत नव्हते. त्या स्वायत्त कलाकृती आहेत, अशी त्यांची धारणा होती. रंगमंचासाठी निर्माण झालेली वस्तू येथे मांडणशिल्प म्हणून दुसरे आयुष्य जगू लागली.

उत्तरायुष्यातील चित्रांत आणि नाटकांत तर ही देवाणघेवाण अखंड चालू होती. वेलास्केस यांच्या चित्रातील राजकन्या कांतोर यांच्या चित्रांत येते आणि त्यांच्या अखेरच्या 'आज माझा वाढदिवस' या नाटकातही येते. त्या नाटकाच्या रंगमंचावर मोठ्या रिकाम्या चौकटी उभ्या आहेत. चित्रकाराच्या त्या खोलीत चौकटींतून व्यक्ती बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. दिवंगत सहकारी मारिया यारेमा आणि योनाश श्टेर्न, तसेच स्तालिनच्या राजवटीत मारले गेलेले रशियन दिग्दर्शक मेयेरहोल्ड हे त्यांपैकी आहेत. चौकटीच्या आत चित्र आणि बाहेर नाटक, ही विभागणीच येथे नाटकाचा विषय झाली आहे.

या नाटकाच्या तालमी चालू असताना ८ डिसेंबर १९९० रोजी कांतोर यांचे निधन झाले. नटसंघाने तालमी थांबविल्या नाहीत. १९९१ च्या जानेवारीत फ्रान्समधील तूलूज येथे नाटक सादर झाले. रंगमंचावर कांतोर यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. ज्या कलावंताने आयुष्यभर खुर्ची या वस्तूचा शोध घेतला, तिचे ढीग रचले, तिचा पुतळा उभारण्याचा आराखडा केला, त्याच्या अनुपस्थितीची साक्ष अखेर एका खुर्चीने दिली. ती कोणत्याही आराखड्यातील नव्हती आणि म्हणूनच तिचा परिणाम अधिक होता.

२०१४ साली क्रिकोतेका व्हिस्तुला नदीकाठी, एका जुन्या वीजनिर्मिती केंद्राच्या आवारातील नव्या इमारतीत स्थलांतरित झाली. तेथे नाटकांतील वस्तू आता दालनात मांडलेल्या दिसतात. या मांडणीविषयी दोन मते संभवतात. बाकांवर बसणारे वृद्ध नाहीत, हाताने खूण करणारे कांतोर नाहीत, तळघराची कोंदट हवा नाही. तेव्हा जे दिसते ते नाटकाचे कलेवर आहे, असे एक मत. दुसरे मत असे की कांतोर यांच्या नाटकाचा विषयच अनुपस्थिती हा होता. रिकामा बाक त्यांच्या नाटकाशी विसंगत ठरत नाही, उलट त्यातील आशय अधिक स्पष्ट करतो. दुसऱ्या मताला कांतोर यांच्या स्वतःच्या आचरणाचा आधार आहे, कारण वस्तूंना दालनात नेण्याचे काम त्यांनी हयातीत स्वतःच आरंभिले होते. परंतु पहिले मतही सर्वस्वी टाळता येत नाही. वस्तूचे दुसरे आयुष्य हे पहिल्या आयुष्याची भरपाई नव्हे. पाळण्यातील चेंडूंचा खडखडाट काचेमागील पाळणा देऊ शकत नाही.

समारोप

कांतोर यांच्या कार्याचा 'समांतर' या शब्दाने विचार केल्यास त्यांच्या दृश्यकलेचे आणि नाट्यकर्माचे खरे नाते हाती लागत नाही. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत. येथे मात्र त्या प्रत्येक टप्प्यावर भेटतात. १९४४ चे चाक, १९६३ चा कागदांचा पसारा आणि खुर्च्यांचा ढीग, १९६७ चे पत्र, १९७५ चे बाक आणि १९९१ ची रिकामी खुर्ची ही एकाच शोधाची क्रमवार पावले आहेत. त्यांपैकी काही नाट्यगृहात पडली, काही दालनात, काही रस्त्यावर आणि समुद्रकिनाऱ्यावर.

या अभ्यासातून अध्यापनाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की दिग्दर्शकाचे नाट्यकर्म केवळ संहिता आणि अभिनय यांच्या आधारे शिकविल्यास कांतोर यांच्यासारख्या कलावंताचा अर्धा भाग अभ्यासाबाहेर राहतो. साहित्य, नाट्य आणि दृश्यकला या विभागांनी तो एकत्रितपणे हाताळणे गरजेचे आहे. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. नाटक ही क्षणभंगुर कला असल्याचे आपण नेहमी म्हणतो आणि प्रयोगानंतर वस्तू अडगळीत टाकतो किंवा पुढच्या नाटकासाठी मोडून वापरतो. त्या वस्तूंत प्रयोगाची स्मृती साठलेली असते. नेपथ्य हा शब्द आपल्या भाषेत पडद्यामागील जागेचाही वाचक आहे. कांतोर यांनी त्या जागेतील वस्तू पुढे आणली आणि तिच्याकडे पाहण्याची सवय प्रेक्षकाला लावली. प्रयोग संपल्यावर तिच्याकडे पुन्हा पाहणे हे आता अभ्यासकाचे काम आहे.